नऊ भोंग्यांचं राज्य

“राज्यं कशानं बुडत्यात, ते आज मला कळलं!”

मोटारसायकलचं इंजिन अजून बंद झालं नव्हतं, एक पाय अजून जमिनीला लागला नव्हता, तोवर माळकरंजीचा सरपंच दादासो कणसे यानं अंगणात ही घोषणा करून टाकली. ऐकायला दोघीच होत्या. एक त्याची बायको राहीबाई आणि दुसरी म्हैस. म्हशीनं निदान मान तरी वर केली.

“भडंग आनलं का?” राहीबाईनं विचारलं.

“अगं, मी राज्याचं सांगतुया!”

“राज्य बुडू द्या. सांगलीला गेला हुता, भडंग आनलं का?”

भडंग आणलं होतं. पिशवी तिच्या हातात देऊन दादासो ओट्यावर बसला आणि त्याच्या तोंडाचा नळ सुटला. सांगलीला सरपंचांचं प्रशिक्षण होतं. अशा प्रशिक्षणाला सरपंच मंडळी जेवणापुरती जातात, हे तुम्हाला-आम्हाला माहीत आहे. पण दादासोला आर्जव चौगुले नावाच्या प्राध्यापकाचं व्याख्यान ऐकायला मिळालं आणि त्याच्या अंगात संचारलं! जगातली मोठमोठी राज्यं कशी कोसळली, कुठं सैन्य असून उपयोग झाला नाही, कुठं सोन्याच्या खाणी असून सरकारला शाळेचा फळा घेता येईना, असं प्राध्यापक सांगत होते. शेवटी म्हणाले, “ज्या सरकारचा शब्द शेवटच्या घरापर्यंत पोचत नाही, ते सरकार फक्त नकाशावर असतं!” दादासोनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग चहाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर ‘ही पोच येते कुठून’ यावर प्राध्यापक आणखी तासभर बोलणार होते. पण दादासोला त्याची गरज वाटली नाही. पोच कुठून येते ते त्याला चहा पितानाच सुचलं होतं. तो थेट भंगारबाजारात गेला!

“काय आनलंय भंगारातनं?” राहीबाईच्या हातातलं भडंग तोंडाशीच थांबलं.

“उद्या टेंपोनं येतंय,” दादासो म्हणाला. “भोंगा!”

आता दादासोला ही पोच कशाला हवी होती, तेही सांगायला हवं. माळकरंजी कडेगाव तालुक्यातलं माळावरचं गाव. गावाला तळं आहे, पण तळ्यात पाणी सोडून बाकी सगळं. पोरं त्यात क्रिकेट खेळतात. उपसा सिंचन योजनेचं पाणी गावाशेजारच्या चारीतून, म्हणजे कालव्याच्या फाट्यातून, जातं आणि तीन वर्षं चपला झिजवून दादासोनं या उन्हाळ्यात माळकरंजीच्या तळ्यासाठी एका रात्रीची पाळी मंजूर करून आणली होती. एक रात्र पाणी आलं तर तळं काठोकाठ आणि वर्षभर विहिरींना पाझर! पण चारी जुनी, कच्ची, उंदरांनी पोखरलेली. पाणी आलं की सगळ्या गावानं फावडी-पोती घेऊन काठावर उभं राहायला हवं. कुठं फुटली, तर पाणी सरळ ओढ्यानं पलीकडच्या गावाला, आणि पुढची पाळी कोण देतो! या तळ्यापायी दादासोची झोप उडाली होती. दवंडीला माणसं येत नव्हती, मोबाईलवरच्या निरोपाला अंगठा दाखवून घरात बसत होती. गावाला एका हाकेत उठवायचं कसं, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्यातच बचतगटाच्या आक्काताई मगदूम यांनी ग्रामसभेत ठराव मांडला होता. संध्याकाळी सात ते साडेआठ टीव्ही आणि मोबाईल बंद! पोरांनी अभ्यास करायचा, घरच्यांनी एकमेकांची तोंडं बघायची. आसपासच्या गावात असं चालतं म्हणे. झाडून सगळ्या बायांनी हात वर केले होते. वेळ झाली हे कळायला काहीतरी खूण हवी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

टेंपोतून भोंगा उतरला तो बघायला गाव जमलं. एका बंद पडलेल्या सूतगिरणीचा भोंगा तो. मोटर रिवायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या यासीन मुजावरनं त्याभोवती दोन चकरा मारल्या.

“सरपंच, ह्यो हजारभर कामगारांला गाढ झोपेतनं उठवत हुता,” तो म्हणाला. “आपल्या गावात लावला तर म्हसरं आटतील.”

“आटू दे! पोच पायजे, यासीन, पोच!”

यासीननं भोंगा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवला. सात वाजता दादासोनं स्वतः बटण दाबलं. मंडळी, काय तो आवाज! देवळातली पारवी एकदम उडाली. कुत्र्यांनी एकसुरात उत्तर दिलं. न्हाव्याच्या हातातला वस्तरा थांबला म्हणून एक कान वाचला. आणि मग, बघता बघता, घराघरातले टीव्ही बंद झाले. मालिकांमधल्या सासवा एकामागून एक गप्प झाल्या. गावात इतकी शांतता पसरली की भाकरी थापल्याचा आवाज या टोकाचा त्या टोकाला ऐकू येऊ लागला.

गच्चीवर उभ्या दादासोच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पोचला! शेवटच्या घरापातूर शबुद पोचला!”

“भोंग्याला कोन भितंय, सरपंच?” खालून आक्काताई हसत म्हणाल्या. “ज्या घरात सातनंतर टीव्ही, त्या घरात भाकरी थापायची न्हाई, असं आमी बायकांनी ठरवलंय. भाकरीला भित्यात!”

पण दादासोच्या दोन्ही कानांना भोंग्यानं दडे बसले होते. त्यानं हात हलवून त्यांचे आभार मानले.

माणसाला एकदा यश मिळालं की त्याला आणखी एक लागतं. दादासोला आणखी आठ लागली. दुसऱ्याच आठवड्यात चावडीवर फ्लेक्स लागला, ‘भोंगा आपला, विकास आपला!’ फ्लेक्सभर दादासोचा हात उंचावलेला फोटो. भोंग्यांचे अर्थ अगदी खाली, त्याच्या चपलेच्याही खाली, मुंग्यांएवढ्या अक्षरांत. एक भोंगा म्हणजे टीव्ही-मोबाईल बंद. दोन म्हणजे नळाला पाणी. तीन ग्रामसभा, चार घंटागाडी, पाच बिबट्या. सातवर लाईट गेली. आठवर लाईट आली. आणि सगळ्यांत मानाचे नऊ भोंगे, म्हणजे तळ्याचं पाणी आलं, सगळ्यांनी फावडी घेऊन चारीवर!

“सरपंच,” यासीन डोकं खाजवत म्हणाला, “लाईट गेल्यावर सात भोंगं वाजवायचं कसं? भोंगा लाईटवर हाय.”

“मग जायच्या आधी वाजव.”

“जानार हे मला कसं कळनार?”

“त्ये तू आन वायरमननं ठरवा! सगळं सरपंचानंच बघायचं का? आन सहाचं काय लिवलंय?”

“‘पुढे ठरवण्यात येईल’ असं लिवलंय.”

“बेस! सरकारनं थोडं भविष्यासाठी बी राखून ठेवाय पायजे.”

पहिली गंमत बिबट्यानंच केली. हंबीरराव सूर्यवंशी, म्हणजे गावचे उपसरपंच आणि विरुद्ध पॅनेलचे प्रमुख, यांच्या उसात बिबट्या दिसला. यासीननं इमानदारीत पाच भोंगे दिले. पण वारं वरच्या अंगाला होतं. खालच्या आळीला पहिला भोंगा ऐकूच गेला नाही, त्यांनी चार मोजले. चार म्हणजे घंटागाडी! तीसेक बाया ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन कोपऱ्यावर रांगेत उभ्या राहिल्या. तेवढ्यात उसातून बिबट्या बाहेर आला. त्यानं रांग बघितली. रांगेनं त्याला बघितलं. कुणी किंचाळायच्या आत बिबट्याच माघारी वळला. आपण येणार हे कळवूनही माणसं बादल्या घेऊन स्वागताला उभी आहेत, असलं गाव त्यानं कधी पाहिलं नसावं!

चार दिवसांनी उलटं झालं. घंटागाडीचे चार भोंगे देताना यासीनला शिंक आली आणि बोट पाचव्यांदा दाबलं गेलं. बिबट्या आला म्हणून अख्खं गाव आपापल्या गच्चीवर! रस्त्यात एकटी घंटागाडी स्वच्छतेचं गाणं वाजवत उभी. ड्रायव्हर ओरडला, “कचरा टाका की!” आणि लोकांनी टाकला. गच्चीवरून! तेव्हापासून तो ड्रायव्हर माळकरंजीत हेल्मेट घालून येतो.

दादासो डगमगला नाही. त्यानं दोन भोंगा-दूत नेमले. भोंगा वाजला की त्यांनी घरोघर जाऊन, आता वाजला तो कितवा होता, हे सांगायचं.

“घरोघर मानूसच जानार हाय,” राहीबाई म्हणाली, “तर मग भोंगा कशाला?”

“भोंगा वाजल्याबिगार दूत काय सांगनार?”

राहीबाईनं कपाळाला हात लावला. पण दादासो तिकडं बघतच नव्हता. तो दूतांसाठी शिट्ट्या आणायला निघाला होता!

मग हंबीररावांनी डाव टाकला. त्यांनी आपल्या ट्रॅक्टरला ट्रकचा हॉर्न बसवला. ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला की वरच्या आळीतून तो हॉर्न एक लांब आवाज द्यायचा. त्याचा अर्थ वरच्या आळीनं आपापसांत ठरवून टाकला होता : ‘काय न्हाई, झोपा!’ वरची आळी हॉर्नचं ऐकू लागली. खालची आळी भोंग्याचं ऐकायची, पण मोजायची चुकीचं. मधल्या आळीनं कापूस आणला. ग्रामसभेचे तीन भोंगे झाले की नळावर हंडे लागायचे. नळाचे दोन वाजले की लोक दारं लावून टीव्ही बंद करायचे. बिनचूक चालत होता तो फक्त संध्याकाळी सात वाजताचा भोंगा. आणि तो का चालतो, हे दादासोनं अजूनही कुणाला विचारलं नव्हतं.

तळ्याच्या पाळीला एक दिवस उरला. उद्या रात्री पाणी सुटणार होतं. दादासोच्या डोळ्यांत दिवाळी होती! एकीकडं वाटायचं, उद्या तळं भरलं तर माळकरंजीच्या सात पिढ्या नाव काढतील. दुसरीकडं वाटायचं, नऊ भोंगे वाजवले आणि गाव गच्चीवर गेलं तर? शेवटी न राहवून त्यानं संध्याकाळी प्राध्यापक चौगुल्यांना फोन लावला.

“सर, मी माळकरंजीचा दादासो. उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या हुत्या, तो!”

“हो हो, आठवलं! पण चहानंतर दिसला नाहीत?”

“सर, माझ्या राज्यात दुसरं राज्य उगवलंय. त्येचा हॉर्न हाय. माझा शबुद पोचतोय, पर पोचल्यावर त्येचं दुसरंच कायतरी हुतंय!”

“अहो, मी दुसऱ्या सत्रात तेच तर सांगितलं!” प्राध्यापकांना एकदम हुरूप आला. “सरकारची ताकद आवाजात नसते, कणसे. हुकूम कमी हवेत, ते पार पाडणारी माणसं हवीत आणि मुख्य म्हणजे लोकांना तो हुकूम आपला वाटायला हवा. आता तुमच्या गावात एखादी गोष्ट नीट चालत असेलच ना? ती का चालते, हे बघा. त्याचं मूळ कारण एकच असतं, आणि ते म्हणजे—”

भों ऽ ऽ ऽ! सात वाजले होते.

“सर, सात वाजलं. मोबाईल बंद. कायदा म्हंजे कायदा!” दादासोनं फोन बंद केला. अख्ख्या सरकारात नियम डोळे मिटून पाळणारा नागरिक एकच उरला होता, आणि तो म्हणजे सरपंच!

फोन बंद झाला आणि त्याच मिनिटाला योजनेच्या पंपावरच्या माणसानं त्याला फोन लावला. वरच्या गावानं आपली पाळी सोडली होती, म्हणून पाणी उद्या रात्रीऐवजी आत्ताच सुटलं होतं. त्यानं पुन्हा लावला. परत लावला. मग त्यानं विचार केला, एवढ्या मोठ्या गावाला पाणी आलेलं कळल्याशिवाय राहतंय होय!

गावाला कळवलं मेंढपाळ धुळानं. धुळाच्या मेंढ्या चारीशेजारी बसायला होत्या. उन्हाळ्याचा उजेड अजून रेंगाळत होता. धुळा घोंगडं सावरत धावत सरपंचाच्या दारात आला.

“सरपंच, पानी आलं!”

“आलं?” दादासो उडालाच. “तळ्यात?”

“न्हाई, मेंढरांत! चारी फुटली! सगळं पानी वड्याला चाललंय!”

दादासो अनवाणी पळाला. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या त्यानं कशा चढल्या, हे त्यालाही सांगता येणार नाही.

“यासीन, नऊ! नऊ वाजीव!”

यासीननं बटण धरलं. एक झाला, दोन झाले. नळावर हंडे लागले. चारला बादल्या बाहेर आल्या, पाचला बायाबापड्या गच्चीवर चढल्या. वरच्या आळीतून हॉर्ननं उत्तर दिलं, काय न्हाई, झोपा! सहावा भोंगा वाजला आणि लाईट गेली.

सगळं शांत झालं.

“किती झालं?” कोपऱ्यावरून एक भोंगा-दूत ओरडला.

“सहा,” यासीननं सांगितलं.

दूत फ्लेक्सपाशी गेला, वाकला आणि मोठ्यानं वाचू लागला, “सहा, पुढे ठरवण्यात येईल!”

ते ऐकून लोक निवांत झाले आणि घरात गेले. दादासो गच्चीच्या कठड्याला धरून ओरडत राहिला, “आरं, फावडी घ्या! चारी फुटली!” पण महिनाभर त्या गच्चीवरून इतकं काही ओरडून झालं होतं की एकही दार उघडलं नाही. त्याचा आवाज फाटला. तीन वर्षांचं पाणी ओढ्याला चाललं होतं, आणि त्याच्या हाताखाली सरकार म्हणून उरला होता एक मेंढपाळ आणि एक फावडं.

ते फावडं घेऊन तो धुळाबरोबर चारीवर आला. भगदाड बैलगाडी जाईल एवढं पडलं होतं. पाणी काय सुंदर दिसत होतं! तांबूस, जाडजूड, फेसाळलेलं, पण चुकीच्या बाजूला धावणारं. दादासोनं दोन फावडी माती टाकली. माती पाण्याबरोबर निघून गेली. मग त्याला आवेश चढला. “मी आडवतो!” असं म्हणून त्यानं स्वतःच भगदाडात उडी मारली.

सरपंच म्हणून दादासो कितीही वजनदार असला, तरी पाण्याला त्याचं काही वाटलं नाही. पाण्यानं त्याला उचललं, दोन कोलांट्या दिल्या आणि खाली ओढ्याच्या कडेला वेड्या बाभळीच्या जाळीत नेऊन फेकलं. धुळाला वरून दिसली ती फक्त टोपी. टोपी तरंगत चालली होती, आणि टोपीखाली सरपंच नव्हता!

“सरपंच वाहून गेलं!” धुळानं बोंब ठोकली आणि गावाकडं धूम ठोकली.

आता बघा गंमत! भोंग्याला सहादा वाजून जे जमलं नाही, ते धुळाच्या एका बोंबेनं केलं. पहिल्या घरात सरपंच वाहून गेला होता. चावडीपाशी तो बुडाला. वरच्या आळीत पोचेस्तोवर त्याचं प्रेतही सापडेनासं झालं. आणि दारं अशी उघडली, जसं काही जत्रेला चाललेत!

सगळ्यांत आधी हंबीरराव पोचले. ट्रॅक्टर, ट्रॉलीत तीसेक माणसं, वर हॉर्न सारखा चालू! त्यांच्या मागोमाग आक्काताई, बचतगटाच्या झाडून सगळ्या बायका पाट्या-पोत्यांसकट. मग डेअरीचे चेअरमन आपली माणसं घेऊन आले, सोसायटीचे संचालक आले, दोन माजी सरपंच दोन बाजूंनी आले. सरपंचाची जागा रिकामी झाली म्हटल्यावर पोटनिवडणूक लागणार, आणि निवडणूक लागणार म्हटल्यावर घरात बसतो कोण?

“आधी पानी आडवा!” हंबीररावांनी हुकूम सोडला. “पानी थांबल्याबिगार बॉडी घावायची न्हाई!”

“आमी आडवतो!” आक्काताईंनी पदर खोचला. “बायकांनी आडवलं, आसं गाव म्हनलं पायजे!”

“तुमी ऱ्हावा, डेअरीची मानसं बास हायती!”

आणि काम सुटलं! पोती भरली जाऊ लागली, दगड लागू लागले. हंबीररावांची माणसं एक पोतं टाकायची तर आक्काताईंच्या बायका दोन टाकायच्या. कुणी मागं हटायला तयार नाही. ट्रॅक्टरचे दिवे लागले. एवढी माणसं एका कामाला उभी राहिलेली माळकरंजीनं कधी पाहिली नव्हती.

आणि हे सगळं दादासो बाभळीच्या जाळीतून बघत होता. गळ्यापर्यंत चिखल, पाठीत काटे, पण तोंडावर असा आनंद की काय सांगावं! त्यानं हात वर करून “मी हाय!” म्हणायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. मी जिवंत आहे हे कळलं तर ही माणसं थांबतील! तो होता तिथंच दबून बसला.

तेवढ्यात ओढ्याच्या कडेनं राहीबाई आली. केस सुटलेले, पायात चप्पल नाही, धाय मोकलून रडत होती बिचारी. जाळीत तिला दोन डोळे चमकताना दिसले.

“आवं!” तिनं टाहो फोडला.

“गप!” दादासो कुजबुजला. “काम चाललंय!”

राहीबाईनं आधी त्याच्या दंडाला हात लावून तो खरा आहे का ते बघितलं. मग त्याच दंडावर सणसणीत चापट मारली. मग ती त्याच्या शेजारी चिखलात बसली आणि त्याचा हात तिनं घट्ट धरून ठेवला.

“लय भ्याले वं मी,” ती म्हणाली.

“मी बी,” दादासो म्हणाला. “पर बघ की, कसं चाललंय!”

वर पोतं टाकता टाकता हंबीरराव बोलत होते, “मानूस लय चांगला हुता, गड्या. गावासाठी तळमळ हुती. तीन वर्सं ह्या पान्यापायी हिंडला.”

दादासोला भरून आलं. “ऐकलंस? हंबीर म्हनतोय!”

“डोस्कं तेवढं न्हवतं,” हंबीररावांनी पुढं जोडलं.

“त्ये बी खरंच हाय,” आक्काताईंनी दुजोरा दिला, आणि एवढ्या मोठ्या स्पर्धेत त्या दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

भगदाड भरत आलं. आता फक्त एक कोपरा राहिला होता, चारपाच पोत्यांचा. पाणी वळायला लागलं होतं. तळ्याच्या बाजूला त्याची पहिली जीभ सरकताना दादासोला ट्रॅक्टरच्या उजेडात दिसली. तेवढ्यात डेअरीच्या चेअरमननी एक पोतं उचललं आणि नेमकं उलट्या बाजूला टेकवलं. दुसरं पोतंही तिकडंच! राहीबाईनं त्याचं तोंड दाबायला हात नेला, पण उशीर झाला होता.

“आरं, तिकडं न्हाई! हिकडं लाव की रं, हिकडं!”

सगळी चारी थिजली. ट्रॅक्टरचा दिवा जाळीवर आला. चिखलातून सरपंच उभा राहिला, अंगभर काटे, हात फ्लेक्सवरच्यासारखा उंचावलेला!

धुळा तेवढा आनंदानं ओरडला. बाकी दोनशे माणसांच्या तोंडावर जे आलं, त्याला आनंद म्हणता येणार नाही. हंबीररावांच्या खांद्यावर पोतं होतं. त्यांनी ते हळूच खाली ठेवलं.

“म्हंजे,” ते म्हणाले, “निवडनूक न्हाई?”

एकानं फावडं खांद्यावर टाकलं. दुसऱ्यानं पायातला चिखल झटकला. माणसं घराकडं तोंड करू लागली. त्या उरलेल्या कोपऱ्यातून पाणी पुन्हा जोर धरू लागलं.

“आवं,” राहीबाई दातओठ खाऊन म्हणाली, “अजून जरासा येळ मेला असता तर काय बिघडलं असतं?”

दादासोनं एकदा तळ्याकडं बघितलं. पाण्याची ती जीभ थांबली होती. एकदा त्यानं पाठमोऱ्या गावाकडं बघितलं. सरपंचकी त्याला जिवापाड आवडत होती. फ्लेक्स आवडत होता, खुर्ची आवडत होती, लोकांनी ‘सरपंच’ म्हणून मारलेली हाक आवडत होती. पण समोर पाणी चाललं होतं! त्यानं छातीत हवा भरली आणि उरल्यासुरल्या आवाजात तो ओरडला,

“राजीनामा! तळं भरलं की राजीनामा देतो! निवडनूक लागनार!”

पुढचं दृश्य बघायला तुम्ही तिथं असायला हवं होतं. हंबीररावांनी पोतं असं उचललं की जणू भडंगाची पिशवी! आक्काताई त्यांना ओलांडून पुढं. चेअरमन, संचालक, दोन्ही माजी, सगळे त्या एका कोपऱ्यावर तुटून पडले. उरलेल्या चारपाच पोत्यांच्या जागी पन्नास पोती पडली! पाणी अडलं, फुगलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं गोल फिरलं आणि मान वळवून थेट तळ्याकडं निघालं. गावानं एकच जल्लोष केला. दादासो चिखलात उभ्या उभ्या लहान पोरासारखा नाचला आणि रडला.

दिवस उगवला तेव्हा तळं काठोकाठ भरलं होतं. क्रिकेटचे तिन्ही स्टंप पाण्याखाली गेले होते. काठावर सात इच्छुक सात नारळ घेऊन, पहिला कुणी फोडायचा यावरून भांडत होते. दादासोला पुढं या म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. हंबीरराव तेवढे जाताजाता म्हणाले, “राजीनामा लेखी लागतोय बरं का.” दादासो मागं, बांधावर, राहीबाईशेजारी बसला होता. पाण्यावरून वारं येत होतं आणि त्याच्या अंगात अजून रात्रीचा उत्साह उसळत होता.

“काय बी म्हन,” तो म्हणाला, “माझा एक तरी आदेस साऱ्या गावानं पाळला! वरची आळी, खालची आळी, हंबीर, आक्काताई, एक बी मानूस मागं ऱ्हायला न्हाई. ह्येला म्हनत्यात पोच!”

राहीबाई त्याच्या पाठीतला काटा काढत होती. तो निघाल्यावर तिनं उजेडात धरून बघितला आणि टाकून दिला.

“पाळनारच की,” ती म्हणाली. “गावाच्या मनातला आदेस तुमी पयल्यांदाच दिला.”